एक्क्याण्णवावा दिवस

ही एकोणीसशे शहाऐंशी सालची गोष्ट. जानेवारीची दहा तारीख, शुक्रवार. लातूर जिल्हा वेगळा होऊन साडेतीन वर्षं होत आली होती आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आला नव्हता. नव्या कचेऱ्यांच्या भिंतींना अजून रंगाचा वास येत होता आणि त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. हे साल मला आठवावं लागत नाही. ते असतंच. पण इतकी वर्षं ते घरातल्या एखाद्या जड पेटीसारखं एका जागी पडून होतं, आणि मी त्याला वळसा घालून चालायला शिकले होते. परवा त्याला पाय लागला.

परवा सकाळी नांदेडच्या आमच्या घरात मी तूर निवडत बसले होते. मुलगा विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवतो, तो निघून गेला होता. नात सिंधु माझा फोन हातात घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, तुझे नव्वद दिवस काल संपले. आज केलं नाही तर बंद पडेल हां." तिने हे दुधाचा हिशोब सांगावा तितक्या सहज सांगितलं. मी विचारलं, "आज वार कोणता?" ती म्हणाली, "शुक्रवार." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग कोर्ट उघडं असेल ना?" ती हसायला लागली. "रिचार्जला कोर्ट कशाला आजी? हे बघ, झालं." खरंच झालं होतं. अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. ती गेली. मी तुरीत बोटं घालून तशीच बसले. खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. एक्क्याण्णवावा दिवस. मागायचा दिवस.

गुरुलिंग माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. लातुरात गल्ल्यागल्ल्यांना पाणी सोडायच्या कामावर होता. चार फुटी लोखंडी चावी, तिला वर आडवी मूठ. रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून फिरवली की त्या गल्लीला पाणी. बऱ्या दिवसांत त्याला कुणी ओळखत नसे. दुष्काळात अख्खं गाव ओळखायला लागलं. सायकलच्या दांडीला चावी बांधून तो निघाला की बायका ओट्यावरून ओरडायच्या, "गुरुअण्णा, आज आमच्याकडं हाय का?" तो म्हणायचा, "तुमच्याकडं पाणी न्हाई, मी हाय. चहा टाका." आणि त्या म्हणायच्या, "चहाला पाणी तुझा बाप आणणार का मेल्या?" तो हसत पुढे जायचा. त्याला वाटायचं, लोक आपल्यावर माया करतात. मला तेव्हाच वाटलं होतं की हे बरं नाही. ज्याच्या हातात पाणी असतं त्याने हसू नये.

ऑक्टोबरात पाणी दहा दिवसांआड गेलं. एका गल्लीत त्याने वरून सांगितल्याप्रमाणे वीस मिनिटांनी पाणी बंद करायला चावी घातली, तर लोकांनी त्याला घेरलं. चावीला दहा हात लागले. ओढाओढीत केरबा नावाच्या, हमाली करणाऱ्या साठीच्या माणसाच्या कपाळात लोखंड बसलं. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला. गुरुलिंगला खुनाच्या कलमाखाली धरलं. मला तो इतकंच म्हणाला, "मी उगारली न्हाई अक्का. ती माझ्या हातात होती. सगळेच ओढत होते, पण हातात माझ्या होती, एवढं खरं." पुढे कोर्टातही तो हेच बोलला. वकिलांनी शिकवलेलं नीट वाक्य त्याने कधीच म्हटलं नाही. मी अनेकदा मनात त्या चावीवरचे हात मोजले आहेत. त्याचा हात त्यात कसा होता, ते मला कधी दिसलं नाही. दिसलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, तेही ठाऊक नाही.

बारा ऑक्टोबरला त्याला कोर्टापुढे उभं केलं. लातूरचा तुरुंग भरलेला होता, म्हणून पोलीस कोठडी संपल्यावर त्याला नांदेडच्या तुरुंगात पाठवलं. मी लग्न होऊन नांदेडला आलेली. आमची अव्वा, म्हणजे आई, लातुरात. ती म्हणाली, "बरं झालं की उमे, तुझ्या जवळ आलाय," जणू तो शिकायला माझ्या गावी आला होता. दर बुधवारी मी भेटीला जायची. जाळीपलीकडे तो उभा असायचा. पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यातला चौका, म्हणजे इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, त्यांनी काढून जमा केला होता. लिंग परत दिलं, पण नुसतं. ते त्याने रुमालात बांधून दंडाला बांधलं होतं. पूजेआधी तो जेवायचा नाही, आणि आत पूजेला पाणी मिळेपर्यंत भाकरी वाटून संपलेली असायची. गावाला पाणी सोडणारा माणूस तांब्याभर पाण्यासाठी रांगेत उभा राहायचा. त्याची मनगटं आठवड्याआठवड्याने बारीक होत गेली. हसणं आधी गेलं, मग बोलणं. डिसेंबरात तो माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघायला लागला.

वकील श्रीमंतराव लातूरचेच. गंजगोलाईजवळ माडीवर बसायचे, घरची मोठी शेती होती. त्यांनी मला कायदा समजावून सांगितला होता, तो मला आजही तसाच येतो. "उमाबाई, पोलिसांनी नव्वद दिवसांत आरोपपत्र कोर्टात घातलं न्हाई, तर आरोपीला जामीन द्यावाच लागतो. मग खुनाचं कलम असू द्या. तपास चाललाय म्हणून माणूस किती दिवस आत कुजवत ठेवायचा, त्याला कायद्यानं मेढ ठोकलेली हाय. पण एक ध्यानात ठेवा. तो हक्क मागावा लागतो. आपण मागायच्या आधी त्यांचा कागद आला, तर हक्क गेला. मग नेहमीसारखं जज्जाच्या मर्जीवर." मला त्या नव्वद दिवसांचा केवढा आधार वाटला. जगात कुठेतरी, न बघितलेल्या कुणीतरी, माझ्या भावासाठी एक आकडा लिहून ठेवला होता. घरी येऊन मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडे घालायला लागले. माझे यजमान संगप्पा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी एकदा चष्मा वर करून तपासलं. "ऑक्टोबरचे वीस, नोव्हेंबरचे तीस, डिसेंबरचे एकतीस, आणि जानेवारीचे नऊ. नऊला नव्वद पुरे. दहाला सकाळी अर्ज." दहाच्या चौकोनात काळा ठिपका होता, अमावस्येचा. मी त्याच्या शेजारी एक्क्याण्णव लिहिलं.

मधे एकदा तारखेला मी लातूरच्या कोर्टात गेले होते. व्हरांड्यातल्या माठापाशी एक बाई बसली होती, कोरड्या माठाला टेकून. ती केरबाची बायको चांगुणा, हे मला कुणीतरी सांगितलं. मी वळणार होते, पण तिने ओळखलं होतं. "तुमी चावीवाल्याची बहीण ना? कशाला येता हेलपाट्यानं?" माझ्याकडून भोळेपणाने म्हटलं गेलं, की दिवस मोजायला येते, नव्वद झाले की सुटेल.  तिच्या आवाजात राग नव्हता. "मोजा बाई मोजा. माज्या माणसाचे कोण मोजतंय?"  त्या दिवसापासून कॅलेंडरवर आकडा घालताना पेन्सिल जरा दाबली जायला लागली.

आठ जानेवारीचा बुधवार. मी जाळीशी गेले आणि म्हटलं, "गुरू, शुक्रवारी." त्याने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"शुक्रवारी येळवस न्हाई का अक्का?"

"हाय."

"मग कोर्ट?"

"कचेऱ्यांना सुट्टी हाय, कोर्टाला न्हाई. वकिलांनी बघून ठेवलंय."

"आन् कोर्टात कोण ऱ्हाणार? कुत्री? लातुरात त्या दिवशी चोरबी चोरी करत न्हाई, तोबी शेतात असतो." आणि तो हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "नक्की ना?"

"नक्की. अर्ज पडला की झालं. संक्रांत घरी."

"मग मी वळकटी बांधून ठेवतो," तो म्हणाला.

लातूरकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं गाव शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात, कारण त्या दिवशी कुणी कुणाला परकं मानत नाही. शहर असं ओस पडतं की जणू संचारबंदी लागली आहे. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांना नैवेद्य, मग ताकातली आंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, उंडे, जेवणं. संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे गवताचा पलिता, घेऊन घरचा गडी शेताभोवती पळतो. आमच्याकडे हे काम अप्पा, म्हणजे वडील, करायचे. ते गेल्यावर गुरुलिंग.

गुरुवारी मी बसने लातूरला गेले. श्रीमंतरावांनी अर्ज टाइप करून सही करून ठेवला होता. दोन प्रती. "हे घ्या. मी उद्या शेतात. दीडशे माणूस हाय जेवायला, मला सुटका न्हाई. तुमी अकराला जा, कोर्टातल्या बाबूच्या हातात एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का मारून घ्या. बस. जामीनदार सोमवारी उभा करू." जामीनदार म्हणजे आमचे शेतशेजारी किशनराव. अप्पांचे जुने दोस्त. त्यांनी तहसिलातून ऐपतीचा दाखला आणून ठेवला होता, पण येळवशीला कोर्टाची पायरी चढणार नाही म्हणून आधीच सांगितलं होतं. मी कागद काळ्या पिशवीत घातले. उठले. दारापर्यंत गेले आणि वळून विचारलं, "आणि उद्या नाहीच जमलं तर?" का विचारलं, ते मी चाळीस वर्षं शोधते आहे. अडचण काहीच नव्हती. कोर्ट अव्वाच्या घरापासून पंधरा मिनिटांवर होतं. तो प्रश्न विचारला नसता तर उत्तर मिळालं नसतं. वकील चष्मा पुसत म्हणाले, "तर सोमवारी मीच देतो की. परवा दुसरा शनिवार, मग रविवार. पोलिसांचा कागद कुठं तयार हाय? औरंगाबादचा तपासणीचा रिपोर्टच आला न्हाई अजून. आणि येळवशीला कोणता पोलीस कोर्टात येतोय? कुणाच्या तरी कोपीत आंबील पिऊन आडवा पडलेला असतो." मी हसले. त्या हसण्याबरोबर माझ्या आत एक दार किलकिलं झालं. ते मी पाहिलं, आणि लावलं नाही.

सकाळी सातला किशनरावांचा ट्रॅक्टर अव्वाच्या दारात आला. मी कोर्टात जायचं म्हणून इरकल नेसले होते. मी अव्वाला म्हटलं, तुम्ही जा, मी मागे राहते. ती आंबिलीच्या मडक्याला, बिंदगीला, फडकं बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "घरचा गडी आत हाय, म्हणून शेताला बी उपाशी ठेवू का? तू पूजेला तरी चल. त्याच्या जागी कुणीतरी पायजे का न्हाई?" गुरुलिंगची बायको शिवगंगा सातव्या महिन्यात होती, ती माझा हात धरून म्हणाली, "चला ना अक्का. मला तुमच्याशिवाय करमायचं न्हाई." किशनराव ट्रॅक्टरवरून ओरडले, "अहो ताई, साडेदहाला मी आणून सोडतो की कोर्टाच्या दारात! ट्रॅक्टर माझं, डिझेल माझं, तुम्हाला काय आडलंय?" मी पिशवी काखेत मारली आणि चढले. औशाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी माणसांची रीघ लागली होती, बैलगाड्या, सायकली, डोक्यावर बिंदग्या. मागे शहर रिकामं होत होतं. मला आठवतं, मी वळून बघितलं तेव्हा मला हलकं वाटलं. शहराबरोबर कोर्टही मागे राहिलं होतं.

शेतात हिरवं काहीच नव्हतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती, पाऊल टाकलं की कागदासारखी वाजायची. भज्जीला लागणारा ओला हरभरा, तुरीच्या शेंगा, वालपापडी सगळं अव्वाने बाजारातून आणलं होतं. शेतात जे पिकतं ते त्या वर्षी आम्ही गावातून शेताला नेलं. पांडवांना चुना लावला. आंबील शिंपडली. "ओलगे ओलगे सालम पलगे" हा शिंपडतानाचा घोष म्हणताना अव्वाचा आवाज फाटला आणि तिने पदराने तोंड पुसलं, तेवढंच. साडेदहाला किशनराव पाहुणे आणायला गेले होते. अकराला परत आले. ट्रॅक्टर सुरूच ठेवून ते माझ्याकडे आले. हे मी नीट लिहिते, कारण पुढे मी कित्येक वर्षं स्वतःला असं सांगत आले की ट्रॅक्टर नव्हता. ट्रॅक्टर होता. तो धडधडत होता. किशनराव म्हणाले, "चला ताई, सोडून येतो." समोर पत्रावळ मांडली होती. बाजरीचे उंडे, वाफ येणारी भज्जी, वर तेलाची धार. मी तीन महिन्यांत जेवले नव्हते. जेवत होते, पण जेवले नव्हते. मी म्हटलं, "जेवून जाऊ." ते ट्रॅक्टर बंद करून आले. इंजिन थांबल्यावर शेतात जी शांतता झाली, ती मला अजून कानात ऐकू येते. वाळक्या ज्वारीत वारा शिरल्याचा आवाज.

मी दोनदा भज्जी घेतली. आंबील प्याले, थंड, आंबट, लसणाच्या फोडणीची. मग चिंचेला झोका बांधला होता, त्यावर बायका बसायला लागल्या. कुणीतरी मला ओढलं. अडतीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, मी झोक्यावर बसले आणि शिवगंगाने एका हाताने पोट सावरत दुसऱ्या हाताने मला धक्का दिला. वर गेल्यावर सगळं शेत दिसायचं, त्यापलीकडे दुसरी शेतं, सगळीकडे कोपी आणि माणसं आणि धूर, आणि दूर रिकामं लातूर. मी मोठ्याने हसले. माझं हसणं मला दुसऱ्याच बाईचं वाटलं. नंतर मी झाडाखाली पदर तोंडावर घेऊन पडले. पिशवी उशाला होती. उशीत तो कागद. तीन महिने मी रांगेत उभी होते, मोजत होते, कुणाकुणाच्या पाया पडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला बस म्हणालं होतं, जेव म्हणालं होतं, झोप म्हणालं होतं. मला झोप लागली, गाढ, स्वप्नाशिवाय. उठले तेव्हा ऊन कलंडलं होतं. सूर्य बघून मी म्हटलं, आता कोर्टात कोण असेल? सोमवारी. संध्याकाळी हेंडगा कोण घेणार असा प्रश्न पडला, तर किशनरावच साठीच्या वयात धोतर खोचून पेटता हेंडगा घेऊन पळाले. बांधाला अडखळले आणि ओरडले, "गुरू असता तर माझी ही दशा झाली नसती रं!" सगळे हसले. अव्वाही हसली. मीही. मी त्या दिवशी सुखात होते. बाकी सगळ्यांना कारणं सापडतात. याला सापडत नाही.

सोमवारी वकिलांबरोबर कोर्टात गेले. बाबू परळीकडचा, तोंडात पान. त्याने वही उघडली, बोट फिरवलं आणि वकिलांकडे बघितलं. "साहेब, आरोपपत्र आलंय की. दहा तारखेला. तीन वाजून पन्नास मिनिटं." श्रीमंतराव म्हणाले, "रिपोर्टशिवाय?" "रिपोर्ट मागनं देतो म्हणले. पोलीस साहेब नवीन हायत, कोकणातले. मी शुक्रवारी दिवसभर इथं माशा मारत बसलो होतो. एकच माणूस आला, ते हे पोलीस साहेब. मी म्हणलं, साहेब, आज कुठं काम करून राहिलात, आज येळवस. तर मला म्हणले, म्हणजे काय?" बाबू हसत होता. मग माझ्याकडे बघून थांबला. "बाई, तुमचा अर्ज होता का? सकाळी द्यायचा की. मी होतोच." तीन पन्नासला मी झाडाखाली झोपलेली होते. श्रीमंतराव माझ्याकडे न बघता जिना उतरले. खाली जाऊन त्यांनी अर्ज दिला, वादही केला. जज्ज म्हणाले, हक्क होता, पण वेळेत मागितला नाही. त्यानंतर वरच्या कोर्टात, मग औरंगाबादच्या हायकोर्टात. सगळीकडे तेच. एक कागद, एक खिडकी, एक सकाळ.

बुधवारी मी जाळीशी गेले. तो आधीच येऊन उभा होता.

"वळकटी सोडली न्हाई अजून," तो म्हणाला. "शुक्रवारपासनं जमिनीवरच झोपलो. सोडली की परत बांधावी लागती म्हणून."

मी म्हटलं, "गुरू, पोलिसांनी शुक्रवारीच कागद घातला."

"सकाळी?"

"दुपारी."

त्याने जाळी धरली. "आन् आपला?"

माझ्या तोंडात जीभ होती आणि ती हलत होती. मी म्हणाले, "बाबू जागेवर नव्हता. मी अकरापासून बसले होते तिथं. कुणी घेतलाच न्हाई."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"म्हंजे तू येळवशीला गेलीच न्हाईस?"

"न्हाई."

"अरारा," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला माझं वाईट वाटलं. मग शिपायाने हाक मारली आणि तो गेला. जाताना त्याची पाठ मला दिसली. त्या दिवसानंतर त्याने दिवस कधी विचारले नाहीत.

खटला उभा राहायला सव्वातीन वर्षं लागली. नवा जिल्हा, माणसं कमी, तारखा पुढे. एकोणनव्वदच्या एप्रिलात निकाल लागला. खून नव्हे, मारायचा इरादा नव्हता, हलगर्जीपणा होता. दोन वर्षांची शिक्षा. तो साडेतीन वर्षं आत होता. जज्जांनी वाचून दाखवलं की भोगलेले दिवस वजा करावेत. वकिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "मग वरचं दीड वर्ष कशाचं, साहेब?" जज्जांनी पुढची फाइल ओढली.

श्रीमंतराव पुढे मोठे वकील झाले. माझ्याकडून त्यांनी पुढे फी घेतली नाही, आणि माझ्या नजरेला नजरही दिली नाही. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. किशनराव ब्याण्णव साली वारले. शेवटपर्यंत ते सांगायचे की मी ताईला सोडायला निघालो होतो, आणि मी मान डोलवायची. कोकणातले ते पोलीस साहेब दोन वर्षांत बदलून गेले. ते माणूस म्हणून कसे होते, मला ठाऊक नाही. त्यांनी त्यांचं काम केलं. चांगुणा निकालाच्या दिवशी आली होती. "सुटला का?" तिने विचारलं. मी हाव म्हटलं. "बरं," ती म्हणाली आणि माठातलं पाणी पिऊन गेली. तिची लेक बिलोलीला दिली होती, तिकडे राहायला गेली असं ऐकलं. पुढचं कळलं नाही. माझे यजमान बारा वर्षांपूर्वी गेले. मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. अव्वा सत्त्याण्णवला गेली, गुरूच्या मांडीवर. त्याची मुलगी गौरम्मा तो आत असताना झाली. तिने बापाला पहिली तीन वर्षं जाळीतूनच पाहिलं. ती आता उदगीरला शिक्षिका आहे.

गुरुलिंगला ती नोकरी परत मिळाली नाही. त्याने किराणा दुकानात काम केलं. दर येळवशीला आठ दिवस आधी त्याचा निरोप यायचा: अक्का, तू ये, शेतात जा, त्या वर्षीचं तुझं राहिलंय माझ्यामुळं. तो स्वतः यायचा नाही. म्हणायचा, रिकामं गाव बघायला मला आवडतं. सायकलवर बसून एकटा गल्ल्यांतून फिरायचा. मी शेतात जायची. त्याने पाठवलेली म्हणून जायची. पत्रावळीवर बसायची, आणि जेवायची.

दोन हजार एकोणीस साली तो गेला. त्याचं दिवसकार्य झाल्यावर शिवगंगा आणि मी भांडी घासत होतो. ती म्हणाली, "अक्का, त्यांना पहिल्यापासनं ठाऊक होतं की. अव्वांनीच सांगितलं होतं, त्याच महिन्यात, जाळीतून. म्हणल्या, उमीनं किती दिवसांनी पोटभर खाल्लं रं, झोक्यावर बसली, बरं वाटलं बघून. त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं."

मी विचारलं, "मग तो काय म्हणाला?"

"म्हणले, अक्काला कळू देऊ नका मला ठाऊक हाय म्हणून."

तीस येळवशी त्याने मला शेतात पाठवलं. ती माया होती, की दरवर्षी त्या पत्रावळीवर मला परत नेऊन बसवणं होतं? तो गेला, आता विचारायला कुणी नाही. शिवगंगा म्हणते, मायाच होती. तिला ते म्हणावंच लागणार. मी अजून जाते. सिंधु गाडीने नेते. मला आता जा म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि नको म्हणणारंही.